उतू जाणारी

एकसष्ट सालची ओपेल. रंग मोरपंखी होता म्हणतात,
आता जिथे खरवडावं तिथे वेगळाच.
चोर्ला घाटात तिसऱ्या वळणावर ती थांबते.
थांबते म्हणजे मीच थांबवतो :
काटा तांबड्यात, बॉनेटच्या फटीतून वाफ,
आणि रेडिएटरच्या मानेतून निघालेली बारीक नळी
रस्त्यावर पाणी ओकत असते
कुणाचं काही देणं नसल्यासारखी.

त्या काळच्या गाड्यांना सांडलेलं साठवायची टाकीच नसे.
तापलं की ओतून द्यायचं, निवलं की वारा गिळायचा,
निघताना मालकाने बाटलीभर घालायचं.
साठ वर्षं चाललेला हिशेब.

पुरसो गावसला तो पटला नाही.
वाळपईच्या बाजारामागे त्याचं गॅरेज म्हणजे
एक फणस, दोन पत्रे, बसायला मोडक्या बसची सीट.
नळीचं टोक बोटाने दाबून धरत म्हणाला,
"हिचें उदक हिकाच परत मेळूंक जाय."

पहिली टाकी पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीची,
बॅटरीशेजारी तारेने बांधलेली.
घाट चढून उतरून केरीला गाडी निवत ठेवली,
येऊन बघतो तर बाटली
कुणी मुठीत चुरगळल्यासारखी आत गेलेली.
"श्वासाचं भोक राहिलं,"
पुरसो म्हणाला. मला नव्हे, बाटलीला.

दुसरी काचेची. फेणीची, चौकोनी,
लेबलावरचा काजू तसाच.
नाक्यावरच्या शिपायाने नेमकं बॉनेट उघडायला लावलं.
आत हिरवं, कोमट, अर्धी बाटली.
"हे काय?"
"गाडीचं आहे."
"गाडी पिते?"
त्याने बोट बुडवलं, ओठांपर्यंत नेलं,
मी मनगट धरलं तेव्हा दोघेही घाबरलो.
समजावण्यात अर्धा तास गेला.
पर्येच्या खड्ड्यांत काच तडकली ती तडकलीच.

मग तो मला कुळागरामागच्या चढावर घेऊन गेला.
भट्टी होती तिथे. आता चूल ढासळलेली,
भाण उपडं, त्याखाली मुंग्या.
लवणीच्या खापरावर पाय ठेवून पुरसो बोलत राहिला :
बाप रात्री जाळ बघायचा,
लवणीवर गार पाणी ओतत राहायचं काम याचं.
सात वर्षांचा. डोळा लागला
तर वाफ वाया, आणि पाठीत फोक.
"वाफ कशी परत पाणी होते
ते मला शाळेत नाही शिकवलं कुणी."
अडगळीतून त्याने हुर्राक मापायची कळशी काढली,
तांब्याची, कानाशी चेपलेली,
शर्टाने पुसली, पुन्हा पुसली.

तिला झाकण बसवलं, डाग दिला.
सुईएवढं एक भोक, श्वासापुरतं.
नळी पार तळाला टेकवलेली :
"वर अधांतरी राहिली तर ती वाराच ओढणार."
रेडिएटरला ट्रॅक्टरचं झाकण, दुहेरी रबराचं,
जे बाहेर सोडतं आणि आतही घेतं.
खिळ्याने कळशीवर पातळीची रेघ ओढली
आणि मडगार्डवर थाप मारत म्हणाला,
"उतायचं तर उत, मातायचं तर मात,
घेतलेलं टाकू मात्र नकोस, बाय."

पैसे सांगितले डाग देण्याचे फक्त.
कळशीचे विचारले तर
फणसाकडे बघत राहिला.

काल रात्री तिसऱ्या वळणावर काटा तांबड्याच्या अलीकडेच होता.
तरीही थांबलो, सवयीने.
इंजिन बंद केलं. आधी पत्र्याची टिकटिक.
बराच वेळ काही नाही.
मग बॉनेटखालून एक घुटका.
थोड्या वेळाने दुसरा.
आपलंच पाणी परत घेत होती,
घाई नव्हती तिला. मलाही नव्हती.

सकाळी पाणी रेघेवर. केसभर खाली असेल.
फक्त तापली की कळशीला
अजून हुर्राकाचा वास सुटतो,
आणि नाक्यावर तोच शिपाई भेटला तर
काय सांगायचं, हे काही ठरलेलं नाही.